जुन्या जर्मन पदकपट्ट्यांवरच्या रंग उडालेल्या फिती कशा ओळखाव्यात

जुनी जर्मन पदकपट्टी संग्राहकाच्या हाती येते तेव्हा अनेकदा पदकं कुणीतरी केव्हाच काढून विकलेली असतात आणि फिती तेवढ्या उरलेल्या असतात. किंवा मुळातच ती फक्त फितींची छोटी पट्टी असते, रोजच्या गणवेशावर लावायची. दोन्ही बाबतीत सैनिक कोण होता, कुठल्या जर्मन राज्याचा (प्रशिया, बव्हेरिया वगैरे) होता, कुठे लढला, हे सांगायला फितींशिवाय दुसरं काही नसतं. आणि त्याच उन्हाने खाल्लेल्या असतात. काळ्याचा तपकिरी, तांबड्याचा बिस्किटी, निळ्याचा राख झालेला.

नवे लोक इथे एक घाई करतात. फितीचा आजचा रंग बघतात आणि तक्त्यात त्या रंगाची फीत शोधायला लागतात. माझा आग्रह याच्या उलट आहे. रंग सगळ्यात शेवटी बघा. आधी बांधणी, मग पट्ट्यांची रुंदी, मग पट्टीवरची जागा, मग फितीवर लावलेल्या धातूच्या छोट्या चिन्हांच्या खुणा. एवढं झाल्यावर उमेदवार दोन-तीनच उरतात आणि त्यांच्यातला निवाडा करायला उडालेला रंगही पुरतो.

हाताळण्याआधी

पट्टी पांढऱ्या, रंग न जाणाऱ्या सुती कापडावर ठेवा. धुऊ नका, ओल्या बोळ्याने पुसू नका, इस्त्री तर नकोच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या रेशमात वजन भरण्यासाठी कथलाचे क्षार घालायची पद्धत होती. असं रेशीम वयोमानाने इतकं ठिसूळ होतं की घडीवर बोट फिरवलं तरी तडकतं. पाणी लागलं की मागचा लोखंडी किंवा पत्र्याचा आधार गंजतो आणि गंजाचा डाग फितीत चढतो.

पुढून, मागून आणि चारही कडांनी फोटो काढा. एक फोटो दिवसाच्या सावलीतल्या उजेडात घ्या आणि एक बाजूने तिरका प्रकाश टाकून. तिरक्या प्रकाशात विणीतल्या रेघा उठून दिसतात. फोटोत मोजपट्टी आणि छायाचित्रकार वापरतात तसा राखाडी कार्ड ठेवा, नाहीतर नंतर रंगांबद्दल काहीच ठामपणे बोलता येणार नाही.

मागची बाजू वाचा

पदकपट्टी उलटी केली की काम निम्मं होतं. मागे जाड कापडाचं किंवा फेल्टचं अस्तर असतं, पिन असते आणि नशीब असेल तर ती बांधणाऱ्या दुकानाची कापडी चिठ्ठी असते. चिठ्ठीवरचं गाव महत्त्वाचं. बव्हेरियाची राजधानी असलेल्या म्युनिकच्या दुकानात बांधलेल्या पट्टीवर बव्हेरियाची फीत असण्याची शक्यता बर्लिनच्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पदकं टांगायच्या मोठ्या पट्टीत फीत सरळ चिकटवलेली नसते. ती दुमडून, चुण्या घालून, शेजारच्या फितीखाली थोडी सरकवून शिवलेली असते. जिथे फीत दुसऱ्या फितीखाली गेली, जिथे ती अस्तराच्या आत वळली, तिथे शंभर वर्षांत ऊन पोचलेलं नाही. लाकडाची बारीक काडी किंवा बोथट चिमटा घेऊन कडेला अगदी मिलिमीटरभर उघडा आणि भिंगातून बघा. मूळ रंग तिथे बऱ्याचदा ताजा असतो. शिवण उसवू नका. मूळ शिवण हा पट्टीच्या अस्सलपणाचा पुरावा आहे आणि एकदा गेला की तो परत येत नाही.

लपलेला भाग आणि पुढचा भाग यांचा रंग अजिबात वेगळा नसेल, तर एक तर पट्टी अंधारात ठेवलेली होती किंवा फीत नंतर बदलली आहे. बाकीच्या फिती उडालेल्या आणि एकच टवटवीत असेल तर दुसरी शक्यता धरून चला.

पट्टे मोजा

फितीवरचे उभे पट्टे ताण्याच्या रंगीत धाग्यांनी होतात. रंग उडतो, पण धागे जागा सोडत नाहीत. त्यामुळे पट्ट्यांची रुंदी आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण कायम राहतं. काठापासून काठापर्यंत प्रत्येक पट्टा मोजून लिहा. नाव न देता 'गडद अरुंद, फिकट रुंद, गडद रुंद' एवढंच लिहा. रंगाचं नाव लिहिलंत की मन त्या नावाला चिकटून बसतं.

मोठ्या पट्टीवरची फीत साधारण 30 मिलिमीटर रुंद असते, आयर्न क्रॉस या प्रशियाच्या युद्धपदकाची तर तेवढीच. छोट्या पट्टीवर ती निम्म्या रुंदीचीही असू शकते. फीत मुळातच अरुंद विणलेली असेल तर पट्ट्यांचं प्रमाण राहतं. रुंद फीत दोन्ही बाजूंनी मागे दुमडलेली असेल तर मात्र काठाचे पट्टे मागे गेलेले असतात आणि पुढून वेगळीच फीत दिसते, म्हणून कडा तपासल्याशिवाय मोजमाप खरं धरू नका.

पट्टा पूर्ण उडाला असेल तर भिंगातून धाग्याची अवस्था बघा. लोह आणि टॅनिन वापरून केलेला काळा रंग रेशमाला कुजवतो. त्यामुळे काळा पट्टा फाटलेला, विरलेला आणि शेजारचा पांढरा धडधाकट असं दृश्य सर्रास दिसतं. रंग काहीही दिसो, जो पट्टा कुजला आहे तो मुळात काळा असण्याची शक्यता मोठी.

कुठला रंग कसा उडतो

1856 मध्ये इंग्रज रसायनज्ञ पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला, 1869 च्या सुमारास अलिझरीन हा तांबडा रंग कृत्रिमरीत्या बनू लागला आणि 1897 मध्ये बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. जर्मन साम्राज्यकाळातल्या (1871 ते 1918) फिती या सगळ्या घडामोडींच्या मधल्या आहेत. सुरुवातीचे ॲनिलीन रंग, म्हणजे पर्किनच्या जांभळ्यासारखे कृत्रिम रंग, डोळे दिपवणारे होते, पण उन्हात टिकत नसत. म्हणून एकाच वर्षाच्या, एकाच पदकाच्या दोन फिती दोन वेगळ्या विणकरांकडून आल्या असतील तर आज त्या एकमेकींसारख्या दिसत नाहीत.

काळा तपकिरी किंवा हिरवट होतो. पांढरा पिवळा पडतो. तांबडा गुलाबी, मग बिस्किटी. नारिंगी गवती पिवळा होतो आणि शेवटी पांढऱ्यात मिसळतो. फिकट निळा राखाडी होतो, तर कॉर्नफ्लॉवर निळ्यावर कधी जांभळट झाक येते. हिरवा सर्वांत फसवा. तो बहुधा पिवळा आणि निळा मिळून केलेला असतो आणि दोन्ही सारख्या वेगाने उडत नाहीत. पिवळा आधी गेला तर फीत निळी दिसते, निळा आधी गेला तर मेंदीच्या वाळक्या पानासारखी. म्हणून मळकट निळी फीत बघताना हिरव्याची शक्यताही कागदावर लिहून ठेवा. ॲनहाल्टच्या फ्रीडरिश क्रॉसची हिरवी फीत मग हातून सुटणार नाही.

फसवणाऱ्या जोड्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आयर्न क्रॉसपासून सुरुवात करू. हे पदक 10 मार्च 1813 ला प्रशियाच्या राजाने स्थापलं आणि 1870, 1914 व 1939 मध्ये पुन्हा सुरू झालं. 1914 च्या आवृत्तीत लढणाऱ्यांसाठी काळी फीत आणि काठांजवळ पांढरे पट्टे, न लढणाऱ्यांसाठी उलट, म्हणजे पांढरी फीत आणि काळे पट्टे. आता वुर्टेंबर्गच्या लष्करी गुणवत्ता पदकाची पहिल्या महायुद्धातली फीत घ्या: पिवळी, काळ्या पट्ट्यांची. पिवळा उडून साय झाला आणि दुसरीकडे पांढरा जुना होऊन पिवळसर पडला की या दोन फिती समोरून एकसारख्या दिसतात. निवाडा घडीच्या आत होतो. पांढरं रेशीम झाकलेल्या जागी पांढरंच राहिलेलं असतं, पिवळं तिथे लख्ख पिवळं असतं.

दुसरी गोष्ट काळ्या-पांढऱ्या फितीचीच. एका पट्टीवर तशा दोन फिती शेजारी दिसल्या की लोक बनावट म्हणून मोकळे होतात. हे चूक आहे. प्रशियाची इतर काही सन्मानचिन्हं युद्धात तलवारींसह दिली जात तेव्हा ती याच फितीवर येत, उदाहरणार्थ होहेनझोलर्न या प्रशियाच्या राजघराण्याच्या ऑर्डरचा (सन्मानश्रेणीचा) तलवारींसह नाइट्स क्रॉस. दुसऱ्या फितीवर मुकुट-तलवारींचं चिन्ह किंवा त्याची भोकं आहेत का ते बघा. शांतताकाळात हीच ऑर्डर तीन काळ्या पट्ट्यांच्या पांढऱ्या फितीवर असे.

तिसरी फीत प्रत्येक संग्राहकाला भेटतेच. 13 जुलै 1934 ला तेव्हाचे जर्मन राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या नावाने पहिल्या महायुद्धाचा सन्मान क्रॉस स्थापन झाला आणि साठ लाखांहून जास्त सैनिकांना दिला गेला. त्याच्या फितीत काळा, पांढरा आणि मध्यभागी तांबडा पट्टा आहे. मधला तांबडा मळून काळपट झाला तर घाईत ती आयर्न क्रॉसची वाटते. मधला पट्टा भिंगाखाली घ्या: तिथले धागे शेजारच्या काळ्यासारखे कुजलेले नसतील, त्यांच्यावर गुलाबी-तपकिरी झाक असेल. शिवाय आयर्न क्रॉस पट्टीवर साधारणपणे सगळ्यात आधी येतो, हा सन्मान क्रॉस मागे असतो.

निळ्या-तांबड्याचा गुंता याहून अवघड. हेसेनच्या शौर्य पदकाची फीत फिकट निळी, तांबड्या काठांची. ओल्डेनबुर्गच्या फ्रीडरिश ऑगस्ट क्रॉसची लढणाऱ्यांची फीत गडद निळी, तांबड्या काठांची, आणि न लढणाऱ्यांची नेमकी उलटी. मेक्लेनबुर्ग-श्वेरिनच्या लष्करी गुणवत्ता क्रॉसची निळी, पण काठाला तांबड्याच्या आत एक पिवळी रेघ. उडालेल्या अवस्थेत तिन्ही राखाडी-गुलाबी होतात. आधी पिवळ्या रेघेचा शोध घ्या: फोटो संगणकावर उघडून फक्त निळा चॅनल (फोटोतला निळ्या प्रकाशाचा भाग) बघा. पिवळा निळा प्रकाश शोषतो, म्हणून डोळ्यांना न दिसणारी पिवळी रेघ त्या चॅनलमध्ये शेजारच्या निळ्यापुढे गडद उमटू शकते. रेघ सापडली तर प्रश्न मिटला. नाही सापडली तर हेसेन की ओल्डेनबुर्ग हे घडीतल्या निळ्यावरून आणि मागच्या चिठ्ठीवरून ठरवायचं. पुरावा पुरेसा नसेल तर 'हेसेन किंवा ओल्डेनबुर्ग' असंच लिहून ठेवण्यात काहीही कमीपणा नाही.

निळ्या-पिवळ्यात मात्र कमालीची सावधगिरी हवी, कारण इथे पैसा शिरतो. ब्राउनश्वाइगच्या युद्धगुणवत्ता क्रॉसची फीत निळी-पिवळी आणि सॅक्सनीच्या सेंट हेनरिक ऑर्डरचीही फिकट निळी, काठांजवळ पिवळे पट्टे. 1736 मध्ये स्थापन झालेली ही ऑर्डर दुर्मीळ आणि फार महाग आहे. उडालेल्या निळ्या-पिवळ्या फितीला कुणी ते नाव लावून किंमत सांगितली तर पट्टीवर सॅक्सनीचं दुसरं काही आहे का ते आधी विचारा.

नारिंगी आणि पांढरा ही जोडी उलटापालटीची. प्रशियाच्या रेड ईगल ऑर्डरची फीत पांढरी, नारिंगी पट्ट्यांची. जीव वाचवल्याबद्दलच्या प्रशियन पदकाची नारिंगी, पांढऱ्या काठांची. पट्ट्यांची रुंदी आधी मोजली असेल तर इथे गोंधळ होतच नाही.

हँबुर्ग, ब्रेमेन आणि ल्यूबेक या तीन शहरांचे हॅन्झियाटिक क्रॉस तिन्ही तांबड्या-पांढऱ्यात आहेत. तांबडा गेला की पट्ट्यांची मांडणी हाच एक आधार राहतो.

साधी एकरंगी निळी फीत तर तीन दारं उघडते: प्रशियाची क्राउन ऑर्डर, प्रशियन अधिकाऱ्यांचा 25 वर्षांच्या सेवेचा क्रॉस, आणि 16 मार्च 1936 पासूनचं वेरमाख्टचं, म्हणजे नाझी काळातल्या जर्मन सैन्याचं सेवापदक. शेवटच्या पदकाच्या छोट्या पट्टीवर गरुडाचं धातूचं चिन्ह असतं. साधी पिवळी फीत दिसली तर 1897 चं शतसांवत्सरिक पदक आठवा. सम्राट पहिल्या विल्हेल्मच्या जन्मशताब्दीला काढलेलं हे पदक सर्वदूर वाटलं गेलं होतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या दोन फितींबद्दल एकच लक्षात ठेवा. 1939 च्या आयर्न क्रॉसच्या फितीत मध्यभागी रुंद तांबडा आणि काठाला काळा, त्याच वर्षीच्या युद्धगुणवत्ता क्रॉसमध्ये मध्यभागी रुंद काळा आणि काठाला तांबडा. काळा कुठे आहे ते शोधा, तांबड्याच्या मागे लागू नका. 1941-42 च्या पूर्वेकडच्या हिवाळी लढाईच्या पदकाची तांबडी फीत मध्यावरच्या पांढऱ्या-काळ्या-पांढऱ्या अरुंद रेघांवरून तांबडं पूर्ण गेल्यावरही ओळखू येते.

क्रम आणि काळ

जर्मन पट्टीवर मानाची जागा घालणाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्याला बघताना डाव्या टोकाला. आजोबा-पणजोबांची ब्रिटिश-हिंदी लष्करातली पदकं घरात असलेल्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. आयर्न क्रॉस, मग आपल्या राज्याची पदकं, मग इतर जर्मन राज्यांची, मग सेवापदकं, आणि परदेशी पदकं शेवटी, असा साधारण प्रवाह दिसतो. साम्राज्यकाळात बव्हेरियासारख्या राज्यांच्या पट्ट्यांवर आपल्या राज्याचं पदक आधी आलेलंही दिसतं. म्हणून क्रमावरून उमेदवाराचा अंदाज बांधावा, निकाल लावू नये.

काळ ठरवायला मात्र एक भक्कम नियम आहे: पट्टी तिच्यावरच्या सगळ्यात नव्या पदकाआधी बांधलेली असूच शकत नाही. हिंडेनबुर्ग क्रॉसची फीत मूळ शिवणीत असेल तर पट्टी 1934 नंतरची. त्यामुळे 1914 चं युद्ध लढलेल्या सैनिकाची पट्टी 1935 साली बांधलेली असणं अगदी स्वाभाविक आहे. 1957 च्या कायद्याने पश्चिम जर्मनीत नाझी स्वस्तिक काढून पदकं पुन्हा लावायची मुभा मिळाली, म्हणून स्वस्तिकाशिवायची 1939 च्या पदकांची चिन्हं असलेली पट्टी त्या नंतरची धरा. जर्मन विक्रेत्यांच्या फोटोत चिन्हावर कागद चिकटवलेला दिसला तर तो नाझी चिन्हांबद्दलच्या तिथल्या कायद्यामुळे असतो. त्याखाली काय आहे ते विचारून घ्या.

चिन्हांच्या सावल्या

गळून पडलेलं चिन्हही बोलतं. छोट्या तलवारी किंवा गरुड अनेक वर्षं फितीवर बसलेला असेल तर त्याच्याखालचा रंग उडत नाही आणि त्या आकाराची गडद सावली उरते. सोबत दोन भोकं आणि गंजाची वर्तुळं. तिरक्या प्रकाशात दाबाची खूणही दिसते. हिंडेनबुर्ग क्रॉसच्या फितीवर तलवारींची सावली असेल तर माणूस आघाडीवर लढलेला. भोकं आहेत पण सावली नाही, तर चिन्ह अलीकडे लावून काढलं असावं.

जुन्या फोटोशी ताडताना

घरच्या फोटोत तीच पट्टी दिसत असेल तर सोनं सापडलं समजा. पण त्या काळच्या बऱ्याच फिल्म आणि काचा ऑर्थोक्रोमॅटिक होत्या: तांबडा प्रकाश त्यांना जवळजवळ दिसत नसे आणि निळा अति दिसे. त्यामुळे फोटोत तांबडी फीत काळी दिसते, पिवळीही अपेक्षेपेक्षा गडद येते आणि फिकट निळी पांढरी. हेसेनची फीत अशा फोटोत काळ्या काठाची पांढरी फीत दिसेल. वुर्टेंबर्ग आणि न लढणाऱ्यांचा आयर्न क्रॉस यांचा वर सांगितलेला वादही फोटो सोडवू शकतो: पिवळी जमीन करडी येईल, पांढरी जमीन पांढरीच.

बदललेली फीत पकडणे

365 नॅनोमीटरची अतिनील टॉर्च काही सेकंदच मारा, जास्त वेळ नको, कारण रंग उडवण्याचं काम हाच प्रकाश करतो. कापडाला निळसर पांढरं तेज देणारी रसायनं 1940 च्या सुमारास बाजारात आली आणि युद्धानंतर सगळीकडे पसरली. 1914 ची म्हणवली जाणारी फीत अतिनील उजेडात निळसर पेटून उठली तर ती नंतरची असू शकते, किंवा कुणीतरी आधुनिक साबणात धुतलेली. शिवणीचा दोराही तपासा. फीत जुनी आणि दोरा पेटतो, म्हणजे पट्टी पुन्हा शिवलेली.

मागे लोंबणारा एखादा सुटा धागा आपोआप निघाला असेल तरच जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, सूत आणि रेयॉनला कागदाचा. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. तशी फीत साम्राज्यकाळातली नाही.

नोंद आणि साठवण

प्रत्येक फितीसाठी चार रकाने ठेवा: मोजमाप, घडीतला रंग, चिन्हांच्या खुणा, उमेदवार. उमेदवारापुढे 'खात्री', 'बहुधा' किंवा 'शक्य' लिहा आणि त्याला आधार काय तेही लिहा. विकताना ही नोंद पट्टीसोबत द्या.

मुंबई-कोकणाच्या दमट हवेत या पट्ट्या जर्मनीतल्यापेक्षा लवकर खराब होतात. आम्लरहित कागदात सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह, बंद डब्यात ठेवा. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा आणि पावसाळ्यात पुड्या वाळवत राहा. डब्यात आर्द्रतामापक टाकला तर अंदाजाने चालावं लागत नाही. भिंतीवर लावायचीच असेल तर खिडकीसमोर नको. संग्रहालयं नाजूक कापडांवर 50 लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत, ती मर्यादा घरीही पाळा. फिती बदलून पट्टी 'नवी' करून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. घडीत उरलेला तो मिलिमीटरभर निळा किंवा पिवळा रंग त्यांच्या हातून कचऱ्यात जातो, आणि त्याच्यासोबत सैनिकाचं राज्य ओळखायचा शेवटचा मार्गही.